इस्त्री केलेला आवाज

चि. धाकट्या, अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला कमी आहे का?

तुझा तिसरा अल्बम ऐकला. दहा वादक आणि मधोमध एक मेंगळट गवई! त्या म्युझिक कंपनीने तुझ्या आवाजाला इस्त्री केलीय. पहिले दोन तू आपल्या स्वयंपाकघरात केलेस. चुकलास की हसून पुन्हा सुरू करायचास. ते मी आजही भांडी घासताना ऐकते. हा नवा ऐकून शेजारीण म्हणाली, "ही जाहिरात कशाची हो?"

कंपनीशी पाच वर्षांचा करार करू का, विचारतोस. मुळीच नको. आईच्या औषधांच्या पैशांचं मी बघते. तू नोकरी सोडलीस तेव्हा सगळ्यांशी भांडले, ते या गुळगुळीत रडगाण्यांसाठी नव्हे.

तरीही सही केलीस, तर कळवायची तसदी घेऊ नकोस. पुढच्या गाण्याच्या पहिल्या ओळीतच मला कळेल.

तुझी ताई