दुमडीतली सुई

तीर्थस्वरूप भावोजींस नमस्कार.

तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला, दोन्ही आटोक्यात असावेत. माझी तब्येत बरी होती. तुम्ही चिरंजीवांवर पाळत ठेवायला सांगितल्यापासून नाही.

सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि त्याच हाताने शिवणाच्या दुकानात पाटी ठोकली : ‘येथे सर्वांना समजेल असेच बोलावे.’ कारण तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र (त्याला पुरुष आवडतात हे त्यानेच तुम्हाला तोंडावर सांगितलंय, मी नवीन काही फोडत नाही) माझ्या डोक्यावरून जाईल असं बोलतात. त्यांच्यातला कुणी आला की ‘अस्तर आहे’, प्रेम मोडलं की ‘टाका उसवला’, आणि घातकी माणूस दिसला की ‘दुमडीत सुई आहे’. मला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला सुई शोधण्यासाठी उभ्या उभ्या पॅन्ट काढायला लावली होती. देशोदेशी या मंडळींची अशी बोली असते म्हणे. असेना, पण तिथे मामा शिंपी नसावा. (आमचे वडील बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवत, त्यांना कुणी चोरटे म्हटलं नाही, हे मला पाटी ठोकल्यावर आठवलं.)

पाटी लागली आणि दुकानात नुसती कात्री ऐकू येऊ लागली. भाचा माझ्याशीही ‘हो’, ‘नाही’, ‘झालं’ एवढंच बोले.

बुधवारी एक धिप्पाड माणूस आला. यानेच मागे भाच्याच्या मित्राचा दात पाडला होता. दोन सोबती दाराशी ठेवून गोड आवाजात विचारतो, ‘काका, पोरं आत आहेत का?’ पोरं पडद्यामागे खिदळत होती. उघड बोलायची सोय नव्हती. देवाचं नाव घेतलं आणि मोठ्याने म्हणालो, ‘अरे, दुमडीत सुई राहिलीय रे.’ हसू थांबलं, मागचं दार वाजलं. तो माणूस मात्र वाकून स्वतःची पॅन्ट चाचपत बसला.

संध्याकाळी भाचा म्हणतो, ‘मामा, पोथी वाचल्यासारखं म्हणालात. जरा सहज म्हणायचं.’ आता रोज माझी शिकवणी चालते, या वयात.

तेव्हा तुम्ही मागितलेली मित्रांची नावं कळवता येणार नाहीत. देवाला सगळी माहीत आहेत, आणि त्यानेही अजून कुणाला कळवलेली नाहीत.

तुमचा वैतागलेला मेहुणा

ता. क. : तुम्ही त्याच्या मशीनजवळ ठेवायला दिलेला, स्थळ म्हणून आलेल्या मुलीचा फोटो याच पाकिटात परत पाठवतोय. त्याने तुमच्यासाठी कोट बेतलाय, खांद्याचं माप आठवणीवरून धरलं म्हणे. एकदा माप द्यायला या.

आणखी एक ता. क. (पाकिटावर, कारण ते चिकटवून झालं) : पोस्टमन वाचेल म्हणून आमच्या बोलीत लिहितो. येताना दुमडीत सुई नको. पाटी मी उतरवली आहे.