जांघेतली खाज आणि झरीचा समारोप

२ ऑगस्ट, सकाळ
झरीच्या श्रावण व्याख्यानमालेचं पत्रक आलं. पहिलं पुष्प: योगीराज पेडगावकर. फोटो माझ्या गेल्या वर्षीच्या फोटोपेक्षा मोठा. समारोपाच्या जागी लिहिलंय, 'वक्त्याचे नाव लवकरच'. समारोप वर्षानुवर्षं मी करतो. लवकरच म्हणजे काय?
योगीराज माझाच विद्यार्थी. बोरीच्या शाळेत नववीला होता तेव्हा आवाज कुठं चढवायचा हे मी शिकवलं. आता तो कुठंच चढवत नाही आणि तरी टाळ्या घेतो. ही कसली पिढी.
जांघेत खाज आहे. किरकोळ. मार्चपासून. उष्णता. ज्यानं सरंजामशाहीला दोन-दोन तास सोलून काढलं, त्याचं खाज काय वाकडं करणार? आजपासून खाजवणार नाही. संकल्प म्हणजे संकल्प.

३ ऑगस्ट
खाजवलं. पण धोतरावरून. ते धरत नाही.

५ ऑगस्ट
बन्सीधरच्या मेडिकलवर गेलो. म्हटलं, एका मित्राला खाज आहे. कुठं म्हणाला. म्हटलं, हातावर. त्यानं ट्यूब दिली. म्हणाला, लय चालते सर ही, एका दिवसात आराम. कागदात गुंडाळून दे म्हटलं तर म्हणाला, हातावरच्या ट्यूबला कागद कशाला?
बन्सीधर आगाऊ आहे.

७ ऑगस्ट
खाज गायब. लालीही गेली. ट्यूब बंद केली. शत्रू पळाल्यावर तोफा डागत बसू नये.
व्याख्यानमालेचे दत्तराव भेटले. म्हणाले, सर, पोरं म्हणायलीत तुमी पोडियमला धरून राहता, योगीराज कसा कॉलर माईक लावून स्टेजवर फिरतो. मी सांगितलं, विचार उभे राहतात, फिरतात ते फेरीवाले. दत्तराव हसले. पण 'समारोप तुमचाच' असं म्हणाले नाहीत.
खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नाही. झरीचा पोडियम छातीपर्यंत उंच आहे, समोरून बंद. उजवा हात मोकळा राहतो. कॉलर माईकवाल्यानं हात कुठं लपवायचा?

११ ऑगस्ट
खाज परत आली. आता गोल कड धरून मांडीपर्यंत उतरलीय, नकाशात सरहद्द असावी तशी. ट्यूब तिप्पट जाड लावली.
प्रमोदिनी म्हणाली, माझ्या कमरेलाही खाजायलंय, आपला टॉवेल एक आहे, परभणीला डॉक्टरला दाखवून या. मी म्हटलं, उष्णता आहे. ती म्हणाली, उष्णतेला अख्ख्या गावात आपलंच घर सापडलं का?
टॉवेल वेगळा करण्यात फुटीरता दिसते. चालू तोच ठेवला.

१३ ऑगस्ट
लिंबू लावलं. याविषयी जास्त लिहिण्यासारखं काही नाही.
संध्याकाळी योगीराज आला. वाकून पाया पडला. मग खाली मांडी घालून तासभर बसला. मी त्याच्या हातांवर लक्ष ठेवून होतो. एकदाही खाली गेले नाहीत. देव काहींना उगाचच कोरडं ठेवतो.
प्रमोदिनीनं त्याला दोनदा चहा दिला. गेल्यावर म्हणाली, किती साधं बोलतो, कळतं सगळं. माझं काय कळत नाही, हे विचारलं नाही. तिला सांगता आलं असतं.

१६ ऑगस्ट
परभणी. त्वचारोगतज्ज्ञ. बाहेरच्या पाटीवर डॉ. ईश्वरी लिहिलेलं मी घाईत वाचलं नव्हतं. आत गेलो तर बाई. वय माझ्या मुलीएवढं.
काय त्रास आहे, विचारलं. मी म्हटलं, समाजात अज्ञान फार आहे. त्या म्हणाल्या, आणि तुम्हाला? मी म्हटलं, झरीच्या व्याख्यानमालेत समारोपाचं अध्यक्षपद आपण स्वीकारावं, याच विनंतीसाठी आलोय.
त्यांनी डायरी बघून होकार दिला. दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, सर, दुसरं काही नक्की नाही ना? मी म्हटलं, नाही. चालताना पाय जरा फाकत होते, पण ते गुडघ्यांवर ढकलण्यासारखं होतं.

१७ ऑगस्ट
दत्तराव खूश. म्हणाले, एवढी मोठी डॉक्टर आपल्या झरीला येणार म्हणल्यावर समारोप तुमचाच सर, विषय बोला. मी म्हटलं, 'भीड सोडा'. योगीराजकडं फक्त सूत्रसंचालन. न्याय उशिरा येतो, पण येतो.
आता फक्त त्या दिवशी दीड तास निभवायचा.

२३ ऑगस्ट, दुपार
आज समारोप. तयारी पूर्ण. घट्ट चुडीदार, त्यामुळं पकड राहील. आतला कपडा जरा ओला आहे, पावसामुळं वाळत नाही. वर ट्यूब अर्धी. योगीराजनं आज माझं भाषण बघावं आणि घरी जाऊन आरशात स्वतःकडं बघावं.

२४ ऑगस्ट
बोललो. आग ओकली. भीतीवर, लाजेवर, दांभिकतेवर. उजवा हात पोडियमखाली आपलं काम करत होता. समोरच्या चारशे माणसांना काही दिसलं नाही.
अध्यक्ष मागं बसतात. आयुष्यभर स्टेजवर गेलो, हे कधी लक्षात आलं नाही.
डॉक्टरबाई उठल्या. आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हणाल्या, आज मी पुरुषांच्या जांघेतल्या खाजेवर बोलणार आहे. मग म्हणाल्या, ही उष्णता नाही, बुरशी आहे. दुकानातल्या मिश्र ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं, लाली दबते, बुरशी पसरते. अंग कोरडं ठेवा, कपडे सैल आणि वाळलेले घाला, टॉवेल वेगळा ठेवा, घरात कुणाला असेल तर दोघांनीही औषध घ्या, आणि खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका.
तेवढ्यात सूत्रसंचालकाच्या माईकवरून योगीराज म्हणाला, मॅडम, मलाबी हाय, महिना झाला. सभागृह हसलं. मग टाळ्या. माझ्या दीड तासाला पडल्या त्याहून जास्त, एका वाक्याला.
त्याची खाज महिन्याची. माझी मार्चपासूनची. विषय मुळात माझा होता.
मग स्टेजखाली पुरुषांची रांग लागली. योगीराज पहिला. बाई त्याला म्हणाल्या, वेळेत बोललात, लवकर बरं होईल. मी शेवटी. म्हटलं, माझ्या एका मित्राला. त्या म्हणाल्या, त्या मित्राचंच भाषण मी आत्ता मागून ऐकलं. सोमवारी दवाखान्यात या, ताईंनाही आणा.

८ सप्टेंबर
औषध चालू. बाई म्हणतात, ट्यूबनं बिघडवलंय, वेळ लागेल. टॉवेल दोन झाले. प्रमोदिनी जवळजवळ बरी. योगीराज पूर्ण बरा, असं त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, मी विचारलेलं नसताना.

१० सप्टेंबर
दत्तरावांचा फोन. पुढच्या वर्षीचा समारोप ठरला. डॉक्टरबाई आणि योगीराज दोघं मिळून, प्रश्नोत्तरं, विषय खाजच. पोरांची मागणी हाय म्हणाले. बोरी, पेडगाव, सगळीकडून लोक येणार.
प्रमोदिनीनं विचारलं, आणि तुम्हाला काय दिलं? मी म्हटलं, आभारप्रदर्शन देत होते, स्पष्ट नकार कळवला.
प्रत्यक्षात दत्तरावांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो होतो.