गलबताचं नाणं

३ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

नवी कवळी बसली का? आई म्हणते, तुम्ही ती डबीत ठेवून मऊ भातावर दिवस काढता आहात. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय सल्लाही हवा आहे.

परवा दुकानात एक आजी चष्मा करायला आल्या. मी आत भिंगं घासत होते. नाणी जमवणारी मुलगी तूच का, असं विचारून त्यांनी पिशवीतून गोळ्यांची जुनी डबी काढली. कापसात गलबताचं नाणं! माझ्या पाचांच्या संचात अकरा वर्षं जी एक जागा रिकामी आहे, तेच. पण भिंगाखाली धरलं आणि तोंड उतरलं. नाणं घासलेलं आहे, तेही पुन्हा पुन्हा. पांढरंफटक, सगळे ओरखडे एकाच दिशेने, शिडांच्या दोऱ्या जवळजवळ गेलेल्या. काळं उरलंय ते फक्त अक्षरांच्या कोपऱ्यांत.

आजी मात्र म्हणाल्या, बघ कसं लख्ख आहे. किंमत सांगितली ती न घासलेल्या नाण्याची. विचार करून सांगते म्हणाले. महिनाअखेरीस त्या लेकीकडे कायमच्या जाणार आहेत. घेऊ की नको? असं नाणं मला पुन्हा मिळायचं नाही.

तुमचा लोभ आहे तसाच, रागासकट, राहू द्या.

तुमची,
बारकी

७ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

कवळीची चौकशी तुझ्या आईने करावी, तू करू नये. तिला सांग, काल अक्रोड खाल्ला. (अर्धा.)

घासलेलं नाणं घेऊ नये, हे तू दहा वर्षांची असताना तुला शिकवलं होतं. शंभर वर्षांत चढलेला काळसर राप हाच नाण्याचा जन्मदाखला. तो पुसला की हातात चांदीचा तुकडा उरतो, त्याला सोनाराच्या तराजूत जागा, आपल्या संचात नाही. रिकामी जागा रिकामी दिसू दे. त्यात कमीपणा नाही.

तरी एक काम कर. डोलकाठीच्या टोकाशी, कडेला लागून, तांदळाच्या कणीएवढा खड्डा आहे का ते बघ. आणि त्या बाईंचे यजमान काय करत होते, ते आडून विचार. माझं नाव काढू नकोस.

मामा

१४ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

खड्डा आहे. तुम्ही न बघता कसं ओळखलंत?

चष्मा द्यायचं निमित्त करून मी आजींच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सामान निम्मं बांधलेलं. त्यांचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गेल्या हिवाळ्यात गेले. बोटं शेवटपर्यंत शाईने काळी होती म्हणे.

नाण्याचं विचारलं तर त्या हसत सांगायला लागल्या. सव्वीस वर्षांपूर्वी नाणेमंडळाचं प्रदर्शन होतं. आपल्या माणसाचं नाणं सगळ्यांत उठून दिसावं म्हणून त्यांनी सकाळी, ते आंघोळीला गेले असताना, राख आणि लिंबू लावून ते चोळून काढलं. यजमान बाहेर आले, बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले आणि झकास दिसतंय म्हणाले. संध्याकाळी परतले ते मंडळात आता राम राहिला नाही असं सांगत. पुन्हा कधी गेले नाहीत. पण ती चमक त्यांना इतकी आवडली, की दर वर्षी त्याच तारखेला आजी नाणं चोळायच्या आणि ते समोर बसून बघायचे.

मामा, त्या दिवशी त्यांना कुणी काही बोललं का? तेव्हा चिटणीस तुम्हीच होता ना? आणि आता या बाईंना मी काय सांगू? भाव कमी करायचा तर कारण सांगावं लागेल.

बारकी

२२ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

आठ दिवस लिहायला बसतो आणि उठतो. तो गेल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं.

कुणी नाही, मीच बोललो. चाळीस माणसांसमोर ते नाणं उचललं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी घासलं, एवढंच तो म्हणाला. अशा माणसाच्या हाती नाणं देऊ नये, असं मी मोठ्याने म्हणालो आणि तिथल्या तिथे वहीतलं त्याचं नाव खोडलं. त्याने नाणं रुमालात बांधलं आणि गेला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, बारके. आमच्या दोघांत मिळून एकच भिंग होतं. राप म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवलं. तो घासेल कसा, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. पुढे रस्त्यात दिसला तरी मी पलीकडच्या बाजूने जायचो.

नाणं घे. त्या सांगतात त्या किमतीला, घासाघीस न करता. पैसे मी पाठवतो. राप, ओरखडे यांतलं अवाक्षर काढू नकोस. त्याने जे सव्वीस वर्षं झाकलं ते आपण उघडं पाडायचं नाही.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. मीच सांगेन.

मामा

२ एप्रिल

श्री. चिटणीस यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या भाचीने चकार शब्द न काढता पैसे मोजले. घासलेल्या नाण्याला एवढे कुणी देत नाही. हिला कुणीतरी सांगितलंय, हे तेव्हाच ओळखलं. खोदून विचारलं, तर पोरीचे डोळे भरून आले आणि तिने तुमचं नाव सांगितलं. तिला रागावू नका.

मंडळात काय झालं ते मला तिसऱ्या वर्षी, एका सभासदाच्या बायकोकडून कळलं. त्या वर्षी नाण्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलं. तारीख आली. त्यांनी स्वतःच डबी काढली, लिंबू कापून बशीत ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. मी नाही म्हटलं असतं तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं, आणि माझ्यासाठी गिळलेला अपमान फुकट गेला असता. म्हणून चोळलं. पुढची बावीस वर्षं चोळलं. ते झकास म्हणायचे, मी हसायचे.

भाचीला किंमत मुद्दाम चढी सांगितली. ती भाव पाडील, कारण सांगेल, आणि एकदा तरी कुणी ते माझ्या तोंडावर बोलेल, असं वाटत होतं. पण तीही त्यांच्यासारखीच गप्प राहिली. तिला सांगितलेली गोष्ट मी लोकांना नेहमी तशीच सांगते. आता ती पुन्हा सांगणार नाही. जास्तीचे पैसे तिच्याकडे परत दिले आहेत. नाणं तिच्याकडेच राहू दे. मात्र आता ते कुणी पुसू नये. काळं पडू दे.

तुमच्यावर माझा राग होता, अजून थोडा आहे. क्षमा मागायला येऊ नका, ज्यांची मागायची ते नाहीत. पण तुम्ही दोघं एका बाकावर बसत होता, असं ते सांगायचे. पुढे काही विचारलं की विषय बदलायचे. शाळेतले ते कसे होते, हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. लेकीचा पत्ता मागे लिहिला आहे. तेवढं लिहून पाठवा.

त्यांची पत्नी