सुडाच्या रोज दहा कल्पना

४ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. कारखान्यानेच दिली, फुकट. बाहेरून एक शिकवणाऱ्या बाई आणल्यात – आम्हा खोकी बनवणाऱ्यांना वेगळा विचार करायला शिकवणार म्हणे. नियम एवढाच: विषय एक निवडायचा आणि रोज सकाळी त्यावर दहा कल्पना लिहायच्या. चांगली-वाईट ठरवायची नाही. कुणाला दाखवायची नाही.

"जो विषय डोक्यातून जातच नाही, तो घ्या," बाई म्हणाल्या.

घेतला. डावरीचा सूड.

डावरी एकोणीस वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसायची. ती डाव्या हाताने सुरी चालवते, मी उजव्या. आमची कोपरं कधी एकमेकींना लागली नाहीत. मोठे साहेब म्हणायचे, या दोघींना एकच टेबल पुरतं.

माझं खोकं तिने स्वतःचं म्हणून दाखवलं. एका अखंड पुठ्ठ्याचं, डिंक नाही, चिकटपट्टी नाही. नुसत्या घड्या, आणि शेवटी तळाची जीभ खाचेत सरकवली की बंद. आठ महिने घरी फरशीवर मांडी घालून केलं. दाखवलं फक्त तिला. मग मी तापाने दोन दिवस घरी राहिले, आणि परत येते तो ते साहेबांच्या टेबलावर, आराखड्याखाली तिची सही. आता ती नव्या कामांची प्रमुख. काचेची केबिन. माझ्या डावीकडे रिकामी खुर्ची.

५ नोव्हेंबर

तिच्या चहात मीठ. खुर्चीचा स्क्रू ढिला. निनावी पत्र. तिच्या नवऱ्याला फोन. सुरीची पाती बोथट करून ठेवणं. तिच्याबद्दल कुजबूज – हिला पुठ्ठ्याची जाडीही कळत नाही. अशा दहा.

वाचून लाज वाटली. सुडाची नाही, शिळेपणाची. यातली एकही माझी नाही. सगळ्या सासूबाईंच्या मालिकांतल्या.

६ नोव्हेंबर

बाईंना विचारलं, विषय न सांगता. "माझ्या कल्पना फार शिळ्या निघतात हो."

"पहिल्या सात शिळ्याच असतात. त्या दुसऱ्यांच्या. त्या बाहेर पडल्या की आठवीपासून तुमच्या सुरू होतात. कंटाळा आला की समजा, जवळ आलात."

मागे बसलेला यंत्रवाला म्हणाला, "बाई, मला तर पहिल्यापासूनच कंटाळा आलाय, म्हणजे मी पोचलोच की." सगळे हसले. केबिनमधून डावरीही हसली. तिचं हसू मला पाठ आहे – आधी नाक फुरफुरतं, मग आवाज.

८ नोव्हेंबर

आठवी आली आज! तिच्यापेक्षा चांगलं खोकं करायचं. नववी – इतकं चांगलं की लोक विचारतील, मग पहिलं कुणाचं होतं? दहावी सुचली नाही. पण या दोन माझ्याच. कुठे पाहिलेल्या नाहीत.

गंमत अशी की दिवसभर डोकं चालू राहिलं. बसच्या दाराच्या घड्या बघत उभी राहिले आणि माझा थांबा गेला. लेकीच्या दप्तराचा बंद तुटला होता, तो सुईदोऱ्याशिवाय बसवला. "आई, तू हल्ली जरा हुशार झालीस का?" म्हणते. द्वेषाने माणूस तरतरीत होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

आजचा धडा – काढून टाका. बाई म्हणाल्या, जिथे अडलात तिथे भर घालू नका, एखादी गोष्ट वजा करा. दुकानातून दुकानदार काढला तर? पत्रातून अक्षरं काढली तर?

मी सुडातून काय काढू? राग काढला तर सूडच उरत नाही. डावरी काढली तर कुणावर घेऊ?

घरी येताना सुचलं. मला काढायचं! मी काहीच करायचं नाही, बोट लावायचं नाही, आणि तरी तो झाला पाहिजे. म्हणजे कुणी बोट दाखवणार नाही. मीसुद्धा नाही.

कसा, ते माहीत नाही. पण दहावी जागा भरली.

१४ नोव्हेंबर

डावरी समेट करायला आली होती बहुतेक. चहाचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी. कितीतरी दिवसांनी.

"अगं, मला तुला जरा–"

तिचा फोन वाजला. साहेबांचा. गेली. एक कप ठेवून गेली. मी तो मोरीत ओतला आणि कप धुऊन तिच्या केबिनबाहेर ठेवला, पालथा.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी ही बाई नऊ दिवस रोज संध्याकाळी दवाखान्यात येत होती. माझे केस विंचरायची. मला ते आठवायचं नाही. तेच आठवतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी न्हाणीघरातून धप्प आवाज. मागे माझ्या खोक्याचा एक नमुना घरी पडला होता, सासूबाईंनी त्यात तेला-शांपूच्या बाटल्या भरून कोनाड्यात ठेवला होता. त्यांनी उचलला आणि तळ उघडला. बाटली त्यांच्या पायाच्या बोटावर.

"हे तुझं आठ महिन्यांचं खोकं? अगदी माझ्या लेकावर गेलंय. वरून ताठ, जरा ओल लागली की ढिला."

ह्यांनी पेपर खाली केला नाही. "आई, ऐकू येतंय मला."

बर्फ लावला बोटाला. मग खोकं घेऊन गच्चीत बसले. ओलीने पुठ्ठा मऊ पडतो आणि जीभ खाचेतून सुळकन बाहेर येते. आठ महिन्यांत मला हे दिसलं नव्हतं. कारखाना कोरडा, घरची फरशी कोरडी. डावरीने तर आराखडा जसाच्या तसा उचललाय, चुकीसकट.

आणि पंचवीस तारखेला औषधकंपनीत त्याच खोक्याची चाचणी आहे. आमच्याकडे ओलीची खोली नाही, त्यांच्याकडे आहे. दोन दिवस खोकं त्या खोलीत, आत सहा काचेच्या बाटल्या, मग कमरेच्या उंचीवरून खाली. वर्षभराचं काम त्यावर ठरणार. सगळ्यांसमोर.

मला फक्त गप्प बसायचंय.

हीच ती दहावी.

१८ नोव्हेंबर

आज वहीत एकच ओळ: गप्प.

२० नोव्हेंबर

इतकं छान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. जेवताना मधेच हसू येतं. काच फुटतानाचा तिचा चेहरा मी सात-आठ प्रकारे पाहिला. एकात ती रडते. एकात माझ्याकडे वळून बघते आणि तिला कळतं की मला माहीत होतं. तो मला सगळ्यांत आवडतो.

२१ नोव्हेंबर

झालं भलतंच. चादरी घड्या करत होते. डोक्यात काही नव्हतं, आणि उपाय आला. न बोलावता! जिभेच्या मुळाशी नखाएवढी तिरकी चीर द्यायची. ओलीने पुठ्ठा फुगला की चीर उलट आवळते. जेवढी ओल, तेवढी पकड.

चादर टाकून पुठ्ठा कापला. न्हाणीघरात गरम पाणी सोडून ठेवलं, तासाभराने ओढून पाहिलं. हलेना. सासूबाईंना ओढायला लावलं. "आता ह्याला कुणी समजावलं?" म्हणाल्या.

आयुष्यात याहून चांगलं मला काही सुचलं नाही. आणि सांगायला कुणी नाही. असं काही जमलं की मी एकाच माणसाला सांगते. उजवा हात फोनकडे गेलाच होता.

खोकं कपाटावर टाकलं, वर जुन्या गोधड्या.

२२ नोव्हेंबर

दुपारी केबिनमधून बाहेर आली. डोळ्यांखाली काळं. चाचणीची खोकी आज जाणार, उद्यापासून दोन दिवस ओलीच्या खोलीत.

"तू एकदा बघतेस? तळाचं काही खटकतंय का गं तुला?"

खोकं हातात घेतलं. उलटं केलं. जीभ काढली, सरकवली. माझीच घडी, माझ्या अंगठ्याच्या मापाची. एक नखाएवढी चीर. सुरी समोर होती. एका खोक्याला एक मिनिट लागलं असतं.

"नाही," म्हटलं. "छान आहे."

तिने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला नाही. ते का, हे लिहिता येत नाही.

पाच वाजता गाडी गेली. सहा खोकी.

२४ नोव्हेंबर, रविवार

साहेबांचा निरोप – उद्या चाचणीला मीही यायचं. डावरीने आग्रह धरलाय म्हणे. तिची फजिती पहिल्या रांगेत बसून बघायला तीच मला बोलावते! इस्त्रीची साडी काढून ठेवली. निळी.

दहा कल्पना लिहायला बसले, एकही आली नाही. गोधड्यांखालचं ते खोकं काढलं आणि परत ठेवलं. तीनदा.

२५ नोव्हेंबर

खोकी ओलीच्या खोलीतून आणली. टाकायच्या आधी डावरी उठली. सगळ्यांसमोर म्हणाली, "हे खोकं माझं नाही. हिचं आहे. मी चोरलं. मला कामावरून काढतील म्हणून घाबरले होते. शुक्रवारीच सगळ्या कागदांवर नाव बदललंय, आज जे श्रेय मिळेल ते हिचं." साहेब आधी टाळ्या वाजवायला लागले, मग कंपनीवाले, मग सगळे. ती माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले, तोंड उघडलं – आणि चाचणी घेणाऱ्या माणसाने खोकं कमरेपर्यंत उचललं.