पाकिटावरचं नाव

सुपा,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. साक्षरता वर्गात तू शब्द दिला होतास की उसाच्या हंगामातसुद्धा लिहिणं सोडणार नाहीस, आणि तो पाळलास. फोनवर तब्येत विचारू, बाकी सगळं पत्रात, असंच चालू ठेवू.

माझं बरं चाललं आहे. आमच्या कंपनीत गाड्यांच्या दिव्यांचे भाग बनतात. दीडशे माणसं आहेत. मी एचआर ऑफिसात हजेरी, रजा आणि नोटिसा बघते. टेबलावर माझ्या नावाची पट्टी लागली आहे, स्नेहल गर्जे, बी.ए. ते बी.ए. मीच हट्टानं लावून घेतलं. हसू नकोस. जेवणाची काळजी करू नकोस. कँटीनमधल्या सवितामावशी मला 'माझी बाय' म्हणतात आणि मी नको म्हणायच्या आत तिसरी भाकरी ताटात टाकतात.

त्रास एकाच गोष्टीचा आहे. पॅकिंग विभागाचे बिभीषण साहेब तिथल्या सगळ्या मुलींना 'बाळा', 'सोन्या' म्हणतात, हल्ली 'डिअर'सुद्धा. हजेरी घ्यायला गेले की मलाही. म्हणताना हात खुर्चीच्या पाठीवर असतो. मी तीनदा सांगितलं की मला नाव आहे. त्यावर म्हणाले, तू माझ्या लेकीसारखी, प्रेमानं म्हणतो तर एवढं काय मनाला लावून घेतेस. सगळी लाइन हसली. तिथेच काम करणारी, माझ्या खोलीतली दिशाही हसली आणि खोलीवर आल्यावर म्हणाली की ते ऐकलं की तिला उठून निघून जावंसं वाटतं.

म्हणून मी मॅनेजर रंगनाथ सरांकडे गेले. ते म्हणाले, तूच लिहून आण. मी लिहिलं: कंपनीत कोणीही कोणालाही बाळा, सोन्या, राजा, लेकरा, डिअर अशी लाडाची हाक मारू नये, तीनदा ताकीद, मग कारवाई. काल ती नोटीस फळ्यावर लागली. मी लिहिलेलं पहिल्यांदाच दीडशे माणसं उभी राहून वाचत होती. आपल्या घरातून कोणी तरी असं लिहिलं, याचा मला अभिमान वाटला.

अण्णांना नमस्कार. माया आहेच, उसाच्या रानातून थोडी इकडेही पाठवत जा.

तुझी,
स्नेहल


कारखान्याचा तळ, श्रीगोंदा,
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. स्नेहलला आईचे पोटभर आशीर्वाद.

आमचं टपाल येतं त्या किराणा दुकानदारानं तुझं पत्र दोन दिवस ठेवून घेतलं हुतं. पाकिटावर तुझ्या अण्णांचं नाव, अन् ते रानात मोळ्या बांधत हुते. मी मागितलं तर म्हनला, मालकाचं हाय, मालकालाच देईन.

तू सायबाला तोंडावर सांगितलंस ते बरं केलंस. माझे तेवीस हंगाम झाले, पन मुकादमाच्या वहीत माझं नाव न्हाई. तिथं लिवलंय, श्रीमंत गर्जे, एक कोयता. नवराबायको मिळून एक कोयता. हाक मारायची तरी ए कोयता. तुझ्या टेबलावर तुझं नाव हाय हे वाचून मी लई खूश झाले. बी.ए. वाचून हसले न्हाई. थोडी हसले.

एक इचारते. ती कँटीनची सविता तुला माझी बाय म्हनती. मग तुझी नोटीस तिलाबी लागू हाय का?

हे लिवायला चार दिवस लागले. थंडीचं डोक्याला बांधत जा. घरचा जीव तुझ्याकडं लागलेला हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आई


सुपा,
ता. २९ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न वाचून मी हसले होते. आता हसू येत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे आले होते. सवितामावशींनी बिभीषण साहेबांसमोर चहा ठेवला आणि सवयीनं म्हणाल्या, घे लेकरा, गरम हाय. पाहुणे हसले. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. वर माझ्याच नोटिशीचा क्रमांक घातला. रंगनाथ सर म्हणाले, नियम तो नियम, आणि तो तूच लिहिलास. ताकीदपत्र मी टाइप केलं.

दुपारी मावशी तोच कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, बाय, तूच वाचून दाखव, दुसऱ्या कुणाला इचारू. आई, मी वाचून दाखवला. त्या ठीक हाय मॅडम म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून निघून गेल्या. तेव्हापासून मी मॅडम आहे. ताटात मोजून दोन भाकरी येतात.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी लोडिंगच्या आदिनाथला 'राजा' म्हटलं. त्याची तक्रार नव्हती, पण कोणीतरी वर सांगितलं आणि दुसरी ताकीद निघाली. तिसरी निघाली की कँटीनचा ठेकेदार दुसरी बाई आणणार. मावशींना मालक नाही, दोन मुली शाळेत आहेत. बिभीषण साहेब मात्र आता मला 'मिस गर्जे' म्हणतात, तेही इतक्या गोडीनं की लाइन पुन्हा हसते.

नोटीस काढली तर मुलींच्या वाट्याला परत तेच 'बाळा'. ठेवली तर मावशींचं काम जाईल. मी शिकले ती असं करायला का? तुला सुचेल ते लिही, पण लवकर लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
स्नेहल


कारखान्याचा तळ, श्रीगोंदा,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. स्नेहलला अनेक आशीर्वाद.

जीव बारीक करू नको. तू पोटात हुतीस त्या हंगामातलं सांगते. मला कळा येऊ लागल्या तवा सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली नर्स म्हनली, माय, घाबरू नको. ती मला वळखत न्हवती, मी तिला न्हवते. म्या तिचा हात धरला तो तू होईस्तवर सोडला न्हाई. त्याच हंगामात उसाच्या ट्रकावरचा एक डायवर मला रानी म्हनला. म्या वळले ती कोयता हातात घेऊनच. तो उडी मारून केबिनीत.

दोन्ही शब्द गोडच हुते. पन नर्सला म्या नगं म्हनले असते तर ती गप झाली असती. त्या डायवरला कोयता दावावा लागला. मला एवढाच फरक ठावं हाय.

आता तुझं चुकलं ते सांगते, राग धरू नको. दीडशे मानसांनी एकमेकाला काय म्हनायचं हे तू एकटीनं ठरवलंस. एकाला तरी इचारलंस का? शेताची मोजनी करनाराबी आधी शेजाऱ्याला बोलावतो.

अजून एक. म्या मुकादमाला म्हनले, वहीत माझं नाव लिव. तो म्हनला, कशाला, काय फरक पडतो. म्या म्हनले, फरक पडत न्हाई तर लिव की. टोळी हसली, तोबी हसला, पन लिवलं. श्रीमंत व लंकाबाई गर्जे. म्या सोता वाचून बघितलं.

सविताला माझा नमस्कार सांग. तुझ्या पाठीशी आमी हाओत, लांब असलो तरी.

तुझी आई


सुपा,
ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी रंगनाथ सरांसमोर जाऊन चूक कबूल केली. ते म्हणाले, या ऑफिसात चूक सांगायला आपण होऊन आलेली तू पहिलीच, सवय मात्र लावून घेऊ नकोस. त्यांनी आठ दिवस दिले.

मी एक वही केली आणि जेवणाच्या सुट्टीत हात धुवायच्या जागेजवळ बसले. येईल त्याला विचारायचं, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल आणि काय नको. पहिल्या दिवशी चेष्टाच झाली. एकानं महाराज लिहायला सांगितलं. आदिनाथ म्हणाला, सविताबाईंनी राजा म्हटलेलं चालतं, सुपरवायझरनं म्हटलं तर समजायचं की जादा काम आलं. गेटवरचे भीमा दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा हळूच म्हणाले, आई गेल्यापासून मला लेकरा म्हणणारी कँटीनची ती एकटीच हाय, तेवढं बंद करू नका.

पॅकिंगच्या अठ्ठावीस मुलींपैकी सव्वीस जणींनी 'बाळा नको' सांगितलं. दिशानं तर पेन माझ्या हातातून घेऊन स्वतः लिहिलं. दोघी म्हणाल्या, आम्हाला काही वाटत नाही. त्यांचं तसंच लिहायला मला जड गेलं, पण लिहिलं.

मग बिभीषण साहेबांकडे गेले. ते म्हणाले, नुसतं साहेब लिही. मग म्हणाले की त्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांना शाळेतल्या पोरासारखं वाटलं. तेही मी लिहून घेतलं. त्यांनाही नको म्हणायचा हक्क आहे, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मग मी मुलींचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ वाचलं. म्हणाले, मला कधी कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, मी तीनदा सांगितलं. तर म्हणे, हसत हसत सांगितलं असशील. मी म्हटलं, हसत होतात ते तुम्ही, साहेब. त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिशाला दिशा म्हणून हाक मारली, तेव्हा तिच्या हातातलं खोकं पडता पडता राहिलं.

शेवटी मी कँटीनमध्ये गेले. सवितामावशी पातेलं घासत होत्या. मी विचारलं, मावशी, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? मान वर न करता म्हणाल्या, मावशी सोडून काहीबी. मी एकोनचाळीसची हाय. ज्यांच्या डोक्यावर केस न्हाई राहिले तेबी सहा वर्सं मावशी मावशी करत्यात, एकानंबी इचारलं न्हाई.

आई, वहीत मी आधीच सवितामावशी लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. त्या दीडशेत मीही होते. तुला लिहिलेल्या पत्रांतसुद्धा मी त्यांना मावशीच म्हणत आले. मी माफी मागितली आणि लिहिलं, सविताबाई.

जुनी नोटीस काढली. आता फळ्यावर एवढंच आहे: ज्याला जे म्हटलेलं नको असेल, ते त्याला म्हणू नये. एकदा सांगितलं की पुरे. दोन्ही ताकिदी रद्द झाल्या. रद्द केल्याचं पत्र सविताबाईंनी माझ्याकडूनच वाचून घेतलं. या वेळी मी ते कँटीनच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं वाचलं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, अन् तुमाला काय म्हनायचं, मॅडम? वहीत माझी ओळ कोरीच होती. मी म्हटलं, पहिलं म्हणत होतात तेच. त्या शेगडीकडे वळल्या. जेवायला बसले तेव्हा ताटात तिसरी भाकरी पडली, आणि तो शब्द तिच्या मागून आला.

तुझ्या एका प्रश्नामुळे हे झालं. असेच प्रश्न विचारत राहा, एवढंच मागणं.

तुझी,
स्नेहल


कारखान्याचा तळ, श्रीगोंदा,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहलला आशीर्वाद.

पत्र तुझ्या अण्णांना मोठ्यानं वाचून दावलं. भाकरीपाशी आले तवा त्यांनी तोंड फिरवलं. धूर लागला म्हनले. चूल तर पेटवलेलीच न्हवती.

पन तू दीडशे मानसांना इचारलंस अन् मला इचारलंच न्हाई. म्हनून मीच सांगते. आता पाकिटावर माझं नाव लिवत जा. पुरं लिव. दुकानदारानं ते चार मानसांत वाचून हाक मारली पायजे, अन् पत्र माझ्या हातात दिलं पायजे.

आत मात्र आईच लिव. तिथं इचारायचं कारन न्हाई.

तुझीच,
लंकाबाई श्रीमंत गर्जे