पाऊस नीतिमानावरही पडतो

वडनेर, ता. हिंगणघाट
शनिवार दुपार

आदरणीय माणिकदादा यास,

धाकट्या सुवार्ताचा प्रभूच्या नावात सलाम. (तू पाळक, तेव्हा तुला 'आपण' म्हणायला हवं, हे मला कळतं. पण ज्याच्या खांद्यावर उभं राहून चिंचा पाडल्या त्याला 'आपण' म्हणायला जीभ वळत नाही. एवढ्या पत्रापुरता झगा खुंटीला टांग आणि भाऊ म्हणून वाच.) तुझी साखर कशी आहे? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या अमरावतीच्या मंडळीतला तो पेटीवाला अजून सगळ्यांच्या दोन सूर वर वाजवतो का? इकडे देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि हे फारच बरे आहेत. पत्र त्या दुखण्याबद्दलच आहे.

दोष तुझा आहे, हे आधीच सांगून टाकते. नाताळच्या सभेला तू हिंगणघाटला आलास आणि सांगून गेलास की प्रभूने चिमण्या दाखवून शिकवलं, मोहरीचा दाणा दाखवून शिकवलं, तेव्हा तुम्हीही डोळे उघडे ठेवा, अंगणात रोज एक धडा सापडेल. बाकीची मंडळी 'आमेन' म्हणून जेवायला गेली. आमचे मास्तर मात्र (शाळेतून निवृत्त झाल्यावर यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं) दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागले. तेव्हापासून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक धडा पडतो, फोटोसकट. आळशाने मुंगीकडे जावं असं वचन आहे. हे गेले, पण खाट घेऊन गेले. आडवे पडून मुंग्यांचा उद्योग न्याहाळत राहिले आणि तेवढ्यात त्या उद्योगी बायांनी माझी गुळाची भेली अर्धी केली. मी झाडू उचलला तर म्हणाले, प्रवचन झाडून टाकू नको. कोंबडीने पिलं पंखाखाली घेतली की यांचे डोळे भरून येतात. तिला दाणे टाकायचं मात्र माझ्याकडेच आहे.

इथवर मी सोसलं. पण पोळा झाला आणि गावात वांदरं आली. एक टोळी आमच्या स्वयंपाकघराच्या छपरावर अशी नाचली की छपराची चार-पाच मातीची कवेलू फुटली. हे काठी घेऊन धावले, नाही असं नाही. पण पोटाशी पिलू असलेली एक वांदरीण दिसली आणि काठी हातातच राहिली. त्या दिवशीचा धडा: देव आपल्याला असाच घट्ट धरून ठेवतो. (दादा, वांदराचं पिलूच आईला धरतं, आई पिलाला नाही. हे मी म्हटलं, तर म्हणाले, तो उद्याचा धडा.) मग परतीचा पाऊस लागला आणि धार बरोबर माझ्या शेगडीवर. मी छप्पर म्हणाले की हे वचन म्हणत. पहिल्या दिवशी बादली दारापाशी ओढून तिचा फोटो काढला: कृपा थेंबाथेंबानेच साचते. दुसऱ्या दिवशी धीर. तिसऱ्या दिवशी धीराचं फळ. शेवटी मीच कवेलू बसवणाऱ्या ताराचंदला बोलावलं. त्याने शिडी लावली तर यांना याकोबाच्या स्वप्नातली स्वर्गापर्यंतची शिडी आठवली. त्याला तिसऱ्या पायरीवर थांबवून फोटो काढला, खाली बोलावून सगळी गोष्ट सांगितली, दोन कप चहा पाजला. ताराचंद बिचारा ऐकून असा हळवा झाला की शिडी आमच्याकडेच ठेवून घरी गेला. जाताना मला म्हणतो, "वयनी, गळून राह्यलं त्यातबी काहीतरी असंनच."

त्या दिवशी माझा तोल गेला आणि मी जरा बोलले. (जरा म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या मनकर्णाबाईंना ऐकू गेलं, एवढंच.) दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर धडा आला: गळकं छप्पर आणि भांडखोर बायको सारखीच, असं शलमोन राजा म्हणून गेला आहे. दादा, त्या राजाने एवढ्या बायका केल्या, त्यांतल्या एकीने तरी त्याला छप्पर शाकारून घ्यायला सांगितलं असेल ना? तेवढं कोणी लिहून ठेवलं नाही. आमची मंडळी केवढीशी, आणि कोणाचं छप्पर गळतं ते सगळ्यांना ठाऊक. भराभर हात जोडलेले आले. पाळकीणबाईंनी तर हसून डोळ्यांतून पाणी काढणारं तोंड पाठवलं. त्यावर कळस म्हणजे पुढच्या रविवारी कापणीचा सण, तू प्रवचनाला येणार, गावोगावची मंडळी कोहळे-कोंबड्या घेऊन लिलावाला जमणार, आणि सगळ्यांपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला उभे कोण? हे. विषय: घरातले धडे. शेवटचा धडा मी. हे त्यांनीच मोठ्या प्रेमाने सांगितलं. वर म्हणाले, "तुयं नाव नाई घेत. फक्त बायको म्हणतो."

मी म्हटलं, बरं. मग मीही धडा शोधला. परवा दुपारी ओसरीत ओले कपडे टाकले, शेगडीवरची बादली बाजूला केली आणि यांची खाट स्वयंपाकघरात मांडली. यांना झोपेपुढे जागेचं वावडं नाही. घोरणं लागलं आणि आभाळ धावून आलं. हे उठले ते नाकात पाणी जाऊन. मी शांतपणे म्हटलं, "पाऊस नीतिमानावरबी पडते आन् अनीतिमानावरबी. मंग मी एकटीच काऊन भिजू?"

वचन प्रभूचंच होतं. पाऊस थांबताच हे तणतणत भोक पाहायला शिडीवरून छपरावर गेले. एक वांदर उडी मारून गेलं आणि शिडी आडवी झाली. (वांदरानेच पाडली, दादा. मी फक्त ती उचलली नाही.) मनकर्णाबाई रस्त्याने जात होत्या. त्यांनी विचारलं, "मास्तर वर काय करून राह्यले वं?" मी म्हटलं, धडा पाहून राह्यले. मग यांना सांगितलं की प्रभूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयानेही खाली उतरायच्या आधी आपलं वागणं सुधारलं होतं. (हे म्हणाले, उतरल्यावर सुधारलं. दादा, छपरावर अडकलेला माणूस शास्त्र सुधारतो!) अट एकच, साक्षीत बायको नको. नाहीतर छप्पर उकलून प्रभूपुढे सोडलेल्या त्या पक्षाघाती माणसासारखं भोकातून खाली या. हे वर फुगून बसले. तेवढ्यात पुन्हा भुरभुर लागली, माझा भाकरीचा वखत झालेला, मी आत आले आणि नेहमीसारखी कामाला लागले. यांचं ताट नेहमी ओसरीवर जातं, त्यामुळे माझ्या स्वयंपाकाच्या वेळी हे कधी आत आलेलेच नव्हते. मग भोकातून हळूच आवाज आला.

"सुवार्ता, रोज असीच छत्री धरून भाकर थापतं का वं तू?"

मी म्हटलं, नाहीतर काय, पाऊस माझं ऐकते का. त्यावर हे एवढंच म्हणाले, "मले मालूमच नोतं." कुठलं वचन नाही, दाखला नाही. दादा, इतक्या दिवसांचा राग होता, पण मला तिथेच रडू आलं. छत्री होती म्हणून वरून दिसलं नाही.

मी शिडी लावली. काल हे स्वतः हिंगणघाटला गेले, कवेलू आणली, ताराचंदला पुन्हा बोलावून बसवून घेतली, आणि त्याला एकही गोष्ट सांगितली नाही. शेगडीच्या बरोबर वर एक काचेचं कवेलू बसवलं आहे. आज सकाळी उन्हाचा तुकडा थेट परातीत पडला, पिठावर. मी बराच वेळ नुसती पाहत राहिले. आज ग्रुपवर धडा आला नाही; यांना ताप आला का म्हणून तिघांचे फोन आले.

वहिनीला माझा सलाम, आणि तिच्या गुडघ्यांना माझी प्रार्थना.

तुझी,
सुवार्ता

ता. क. साक्षीतून यांनी आपलं नाव स्वतःहून काढलं आहे. कार्यक्रम तुझ्या हातात असतो, तेव्हा त्या जागी माझं नाव घाल. का ते विचारू नकोस. प्रवचन थोडं आखूड कर, माझं जरा लांबेल.

आणखी ता. क. यांना यातलं काही बोलू नकोस. मी यांचं नाव घेणार नाही. फक्त नवरा म्हणणार आहे.

शेवटचा ता. क. ओसरीत यांच्या खाटेच्या बरोबर वर परवाच्या त्या वांदराच्या उडीने अजून एक कवेलू फुटलेलं आहे. ताराचंद उद्याच येतो म्हणत होता. मी त्याला सण झाल्यावर ये म्हटलं. माझ्या साक्षीतला तिसरा मुद्दा अजून नीट भिजायचा आहे.