पश्चिम गॅलरीखालची सातवी काच

मी, ओरिन हाल्डोर्सन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एल्डन फोर्ड, आयोवा, विद्यापीठाच्या जुन्या स्टेडियमवर आधी गवंडी आणि मग देखभालप्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणीतरी शंका काढणारच, म्हणून डॉक्टरांचा दाखला दोन प्रतींत जोडला आहे. याआधीची चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर मुलगी मारित हिला. जावयाला नाही. माणूस भला आहे, पण आमच्याकडे आला की छताकडे अशा नजरेने बघतो, जणू गिऱ्हाईक घेऊन आला आहे.

२. बँकेतली शिल्लक नात सिग्ने हिच्या शिक्षणाला. ती विद्यापीठाकडून गोळाफेक करते. पश्चिम गॅलरीच्या पोटात खेळाडूंसाठी सरावाचा हॉल होतो आहे, त्याचे तिला फार कौतुक.

"आजोबा, फरशी अशी आहे की कितीही वजन पडू दे, हादरा बसत नाही!"

"आणि वरून काही पडलं तर?"

"तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत घात दिसतो."

३. माझे ड्रिल मशीन शेजारी लॉईड प्रुइट याला. १९९८ पासून ते त्याच्याकडेच आहे. आपण नेलेच नाही, असे तो म्हणतो. आज तो साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. तेव्हा सही केल्यास ड्रिल परत करावे.

४. थापी, ओळंबा आणि कॉफीचा निळा डबा इंजिनियर रेनाटा कुबियाक यांना. डब्याविषयी लिहिणे भाग आहे.

काँक्रीटला भेग पडली की आम्ही तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतो आणि हिऱ्याच्या कणीने तारीख कोरतो. भिंत हलली तर काच तुटते. पश्चिम गॅलरीखालच्या सातव्या भेगेवरच्या काचेवर १२ सप्टेंबर १९९४ आहे. त्या एका काचेच्या भरवशावर कुबियाकबाईंनी हॉलचा आराखडा मंजूर केला. "ओरिन, तीस वर्षं अखंड आहे. आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

ती काच २०११ मध्ये तुटली. त्या वर्षी गॅलरी पाडून नवे स्टेडियम हायवेला बांधायचे घाटत होते; तुटकी काच दिसली असती तर ती पाडलीच असती. मी नवी काच लावली आणि तिच्यावर जुनीच तारीख कोरली. २०१५ मध्ये पुन्हा. २०१९ मध्ये पुन्हा. आताची सहा वर्षांची आहे. तुटलेल्या तिन्ही पट्ट्या डब्यात आहेत, प्रत्येकीला खऱ्या तारखेची चिठ्ठी. काच बदलणे किती सोपे असते हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून मी कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवलेला नाही.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हॉल ऑगस्टमध्ये उघडणार, आणि मी तोवर मरेन अशी चिन्हे नाहीत. म्हणून कलम चार आजच अमलात यावे. थापी आणि ओळंबा मी परत घेतो, ते मारितला. डबा बाईंना वाटा म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. म्हणजे त्या साक्षीदार होऊ शकतात.

हे वाचून बाईंनी पेन खाली ठेवले.

"मला का बोलावलंत?"

"तुम्हाला यात काही मिळत नाही, म्हणून."

"मिळतंय की. आज दुपारपासून हॉलचं काम बंद."

"आधी सही करा."

"आधी डबा, ओरिन."

डबा दिला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुकडे जुळवले. तीन पट्ट्या पूर्ण झाल्या, तेव्हा सही केली आणि माझ्याच फोनवरून मजूर बाहेर काढायला सांगितले.

६. हॉल का उघडला नाही असे सिग्नेने विचारले तर सांगावे: घात होताच. आजोबांनीच केलेला.

ओरिन हाल्डोर्सन

साक्षीदार:
रेनाटा कुबियाक
लॉईड प्रुइट (ड्रिल पायरीवर ठेवले आहे.)

एल्डन फोर्ड, १४ मे २०२५